फक्त जोडप्यांसाठी

प्रेम ही माणसाच्या आयुष्यातली सर्वांत उदात्त घटना आहे. ती गाठते तेव्हा पळायला जागा उरत नाही, नकार सुचत नाही आणि शुद्धीवर येईपर्यंत उशीर झालेला असतो. समुद्रकिनाऱ्यावर सुट्ट्यांची पॅकेजं विकणाऱ्या हॉलिडे क्लबवाल्यांचंही अगदी असंच असतं. फक्त त्यांच्या गळ्यात ओळखपत्र असतं.

त्या रविवारी संध्याकाळी शुभ्राला आधी गाठलं ते ओळखपत्रवाल्याने.

ती शारजाहून दुबई मरीनाच्या किनाऱ्यावर एकटीच आली होती, निवांत विचार करायला. ऑक्टोबरच्या रविवारी अर्धी दुबई जिथे आइस्क्रीम खात फिरते, ती जागा तिला निवांत वाटली, यावरून तिची मनःस्थिती लक्षात यावी. वय सत्तावीस, जन्म शारजाचा, नोकरी हमरिया फ्री झोनमधल्या एका ट्रेडिंग कंपनीत. आणि काल दुपारी तिला बघायला येऊन, घरी जेवून गेलेला, टोरांटोचा आरव. तो आज रात्रीच्या विमानाने परत जाणार होता. सात वाजेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

आरवमध्ये नाकारण्यासारखं काहीही नव्हतं. अडचण तीच होती.

"नाही म्हणायचं तर म्हण, पण कारण सांग," मनोरमाबाई, म्हणजे शुभ्राची आई, सकाळी पोळ्या लाटताना म्हणाल्या होत्या.

"तिथे थंडी असते, आई."

"घरात हीटिंग असतं."

"माझी नोकरी इथे आहे."

"तिथे काय नोकऱ्या नाहीत?"

"मला तो आवडलाय की नाही, तेच कळत नाहीये."

"अगं, ते नंतर कळतं." पोळी तव्यावर पडली. "आणखी काही?"

आणखी काही नव्हतं. शुभ्रा मैत्रिणीकडे जाते म्हणून घराबाहेर पडली होती.

"मॅम, एक्सक्यूज मी! सिर्फ एक सवाल. आपको हॉलिडे पसंद है?"

"नो, थँक्स."

"हॉलिडे पसंद नहीं है?" क्लबवाल्या मुलाला मनापासून धक्का बसला. गळ्यातल्या कार्डावर सुजीत असं नाव होतं. ती चालायला लागली, तोही चालायला लागला. ती थांबून समुद्राकडे बघायला लागली, तर तोही बघायला लागला. "व्ह्यू अच्छा है ना, मॅम? ऐसा व्ह्यू हर साल मिले तो?"

शेवटी शुभ्राने तो जुना उपाय काढला. इथे वाढलेल्या मुलींना तो शाळेच्या वयातच आयांकडून मिळतो.

"मेरे हसबंड वहाँ हैं," ती म्हणाली आणि गर्दीकडे बोट दाखवलं.

हा उपाय घड्याळवाल्यांवर चालतो, अत्तरवाल्यांवर चालतो, करामा बाजारातल्या पर्सवाल्यांवरही चालतो. हॉलिडे क्लबवर चालत नाही. क्लबला एकटी बाई नकोच असते. क्लबचा नियमच असा, की सभासदत्व फक्त जोडप्यांना, आणि नवरा-बायको शेजारी-शेजारी बसल्याशिवाय माहिती सांगायचीच नाही. म्हणजे मागे लागलेल्या कुत्र्याला हाकलायला शुभ्राने दगड म्हणून बिस्किट फेकलं होतं.

"कौन से, मॅम? वो ब्ल्यू शर्ट?" सुजीत धावलासुद्धा.

निळ्या शर्टातल्या माणसाच्या हातात मक्याच्या दाण्यांचा कप होता आणि समोर क्लिपबोर्ड घेतलेली, त्याच क्लबची, एक फिलिपिनो मुलगी होती. तिला तो नुकताच, "वाइफ येतेय, तिला विचारून सांगतो," असं इंग्रजीत सांगून चुकला होता. त्याला बायको नव्हती. पण नाही म्हणण्यापेक्षा बायको शोधणं त्याला सोपं वाटलं असावं.

सुजीतने येऊन त्या मुलीच्या कानात काही सांगितलं. दोघांचेही चेहरे उजळले. आणि दोन परक्या माणसांनी मिळून शुभ्राचं लग्न लावून टाकलं. आईला हे सहा वर्षांत जमलं नव्हतं.

निळा शर्ट जवळ आला. घाबरली की शुभ्राला मराठीच सुचायचं.

"अरे, होतास कुठे तू?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. एक क्षण... दोन. सुजीतचं पेन हवेत थांबलं होतं.

"पार्किंग मिळत नव्हतं," तो मराठीत म्हणाला. आणि मग, संसारात शोभेल अशा थकलेल्या आवाजात, "मका खाणार?"

तिने दोन दाणे उचलले. मीठ जास्त होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सर, मॅम, सिर्फ पंद्रह मिनिट. ऊपर एसी है. आज मेरा एक भी कपल नहीं हुआ," सुजीत म्हणाला.

शुभ्राने त्या माणसाकडे पाहिलं, त्याने शुभ्राकडे. दुसरा नाही म्हणेल, अशी आशा दोघांच्याही डोळ्यांत होती.

सहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत लिफ्टमध्ये कळलं, की तो वेदांग, मूळचा मिरजेचा, रुवैसच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. ती शुभ्रा हेही त्याला तिथेच कळलं. नवऱ्याला बायकोचं नाव माहीत असलेलं बरं.

वर हॉलमध्ये इतकी थंडी होती, की शुभ्राला टोरांटोचा अंदाज आला. टेबलाटेबलाला एकेक जोडपं, एकेक सूटवाला. मधूनच कुणीतरी सही करायचं, मग घंटा वाजायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. टाळ्या वाजवणाऱ्या नवऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. रिसेप्शनवर गेट पास करायला म्हणून शुभ्राचा एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, ठेवून घेतला. वेदांगने दोघांचा फॉर्म भरला, शुभ्रा आपलं आडनाव आणि पत्ता दबक्या आवाजात सांगत गेली. 'विवाहित' या चौकटीपाशी तो थांबला, तिच्याकडे बघून हळूच "सॉरी" म्हणाला, आणि खूण केली.

त्यांच्या टेबलावरच्या सूटवाल्याचं नाव कुशल होतं.

"तो बताइए, लव्ह मॅरेज या अरेंज?"

"लव्ह," शुभ्रा म्हणाली.

"अरेंज," वेदांग म्हणाला.

कुशलच्या भुवया वर गेल्या. शुभ्राच्या पर्समध्ये फोन थरथरला. आई.

"मतलब... अरेंज था," वेदांग म्हणाला. "फिर लव्ह हो गया."

"वाह! पहले किसको हुआ?"

"मुझे."

"कब?"

वेदांगने मक्याच्या रिकाम्या कपात पाहिलं. खोटं बोलायची सवय नसलेली माणसं अशा वेळी खरं बोलून बसतात. "ये किसी को ना नहीं बोल सकती," तो सावकाश म्हणाला. "मुझे लगता था, ऐसा मैं अकेला हूँ. एक दिन एक आदमी ने दोनों को एक साथ पकड़ा... ये इतनी घबराई हुई थी, फिर भी मुझे ऐसे डाँटा जैसे सचमुच मेरी राह देख रही थी. तब."

शुभ्राने पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता. तरी ती प्यायली.

कुशल खास ऑफर आणायला उठला, तेव्हा ती दबक्या आवाजात म्हणाली, "एवढं मनापासून सांगायची काय गरज होती?"

"सुचलं ते बोललो... फोन सारखा वाजतोय तुझा."

"आईचा आहे. एका मुलाला सातपर्यंत हो की नाही कळवायचंय."

वेदांगने रिकामा कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, "चांगला आहे मुलगा?"

"खूप."

"मग?"

"मला नाही म्हणायचंय. पण कारण नाहीये."

"कारण लागतंच?"

"आईला लागतं. तुझ्या आईला नाही लागत?"

"मी कधी नाही म्हटलंच नाही कुणाला. रुवैसच्या खोलीत माझ्याकडे दोन ट्रेडमिल आहेत."

"दोन?"

"पहिली विकणाऱ्याचा भाऊ आला होता नंतर." त्याने हॉलमधल्या सूटवाल्यांकडे पाहिलं. "शुभ्रा, मी इथे सही करणार बहुतेक. मला माझी खात्री आहे."

तिला हसू आलं, आणि लगेच भीती वाटली. कारण कुशल परत येत होता, सोबत त्याहून मोठ्या सुटातला मॅनेजर. मॅनेजरने खुर्ची ओढली आणि बरोबर दोघांच्या मध्ये घातली. कागद पुढे आला. ऑफर आजच्यापुरती होती, उद्या हा रेट नव्हता.

"मुझे छुट्टी नहीं मिलती," वेदांग म्हणाला.

"इसीलिए तो वीकेंड पॅकेज है, सर."

"सोचना पड़ेगा."

"मेरे सामने सोचिए ना."

"घर पे पूछना पड़ेगा."

"फोन लगाइए, मैं बात करता हूँ. आणखी काही?" शेवटचे दोन शब्द कुशलने सौजन्य म्हणून मराठीत उच्चारले.

शुभ्रा दचकून ताठ बसली. ही तर सकाळी पोळ्या लाटणारी आईच होती! तेच प्रश्न, तीच हसरी घाई. वेदांग एकेक कारण हातात देत होता आणि तेच कारण धरून ही माणसं त्याला आपल्याकडे ओढत होती. कारण म्हणजे दार ओढायची कडी होती, आणि तिनेही सकाळभर आईच्या हातात एकामागून एक कड्याच दिल्या होत्या.

"सर, मॅडम के लिए कीजिए," मॅनेजर मऊ आवाजात म्हणाला. "या मॅडम इतनी भी स्पेशल नहीं हैं?"

वेदांगच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. त्याने पेन उचललं. टोक कागदाला टेकलं—

शुभ्राने मॅनेजरच्या पुढून हात घालून वेदांगचा हात धरला. गार पडला होता.

"नहीं," ती म्हणाली.

"क्यों, मॅडम?"

"नहीं."

"कोई रीजन तो होगा?"

"नहीं है."

"रीजन बताइए, मैं अभी सॉल्व—"

"इसीलिए नहीं बताऊँगी. मेरा आयडी दीजिए."

कुशल मॅनेजरकडे बघायला लागला. कुशलच्या प्रशिक्षणात या प्रसंगावर धडा नसावा. मॅनेजर मात्र जुना होता. त्याने फॉर्म सावकाश उलटा-सुलटा केला. "सरनेम अलग, अ‍ॅड्रेस अलग... और यहाँ मॅरिड लिखा है. गलत जानकारी दी हो, तो मॅडम, यह इंडिया नहीं है. आयडी तो हमारे पास ही है."

आयडी, पोलीस, आई, अब्रू... सगळं एकदम शुभ्राच्या डोळ्यांपुढून गेलं. तिचा हात सुटणार, एवढ्यात त्या गार हाताने तिची बोटं घट्ट धरली.

"फॉर्म मैंने भरा है," वेदांग उभा राहिला. आवाज कापत होता, पण शब्द जागेवर होते. "पूछना है तो मुझे पूछिए. पुलिस को बुलाना है तो बुलाइए, हम भी बताएँगे कि आपने आयडी रख लिया है, जो यहाँ मना है. नहीं तो आयडी दीजिए. नहीं चाहिए आपका हॉलिडे." मग, सवय नसल्यामुळे असेल, त्याने खात्रीसाठी पुन्हा एकदा म्हटलं, "नहीं चाहिए."

शेजारच्या टेबलावरच्या एका नवऱ्याने हळूच आपलं पेन खाली ठेवलं.

मॅनेजरला ते दिसलं. आयडी तत्काळ आला.

खाली दमट हवेने वेदांगच्या चष्म्यावर वाफ धरली. तो आंधळ्यासारखा उभा राहिला. वरच्या टेबलापासून आतापर्यंत हात सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. आता आलं.

"तुम्ही... बऱ्या आहात ना?" तो म्हणाला.

वर इतका वेळ 'तू' होतं. शुभ्राला ते 'तुम्ही' उगाचच लागलं.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी तिने उचलला.

"अगं, किती फोन! सात वाजायला आले. काय सांगू त्यांना?"

"नाही सांग, आई."

"नाही? का?"

"नाही."

"अगं, पण कारण काय? काहीतरी असेलच ना?"

"कारण नाहीये."

"असं कसं? त्यांना काय सांगू मी?"

"एवढंच, की शुभ्रा नाही म्हणाली."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग मनोरमाबाई वेगळ्याच, जरा दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "मैत्रिणीकडेच आहेस ना?"

"नाही," शुभ्रा म्हणाली. आज तिला ते फारच सोपं जात होतं. "घरी येऊन सांगते."

तिने फोन ठेवला. ती कठड्यावर टेकली. समुद्र काळसर होत चालला होता, वाळूवर कुणीतरी ओला टॉवेल झटकत होतं. वेदांग जरा अंतर ठेवून टेकला. चष्मा शर्टाला पुसला, घातला, परत काढला.

"वर मी जे म्हणालो ना... पहिल्यांदा कुणाला झालं, वगैरे..."

"हं."

"त्यातलं अरेंज तेवढं खोटं होतं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. "तासाभराची ओळख आहे आपली, वेदांग."

"माहितीये. म्हणून तर विचारायचं होतं... पुढच्या—"

"थांब." तिने तळहात वर केला. "आत्ता काही विचारू नकोस. आजच्यापुरत्या ऑफरला मी हो म्हणणार नाही. कुणाच्याच."

त्याचा चेहरा पडला. मग त्याला त्यातला 'आत्ता' ऐकू आला.

"उद्या विचारू?"

"उद्या विचार."

"उद्या नाही म्हणालीस तर?"

"तर कारण विचारायचं नाही."

"आणि हो म्हणालीस तर?"

"तरीही विचारायचं नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या शर्टाच्या बाहीला अडकलेला मक्याचा दाणा काढून समुद्राकडे फेकला. नंबर तिनेच त्याच्या फोनमध्ये घातला, स्वतःच्या हाताने.

दुसऱ्या दिवशी सोमवार. वेदांगने दुपारी विचारलं, पुढच्या रविवारी भेटायचं का, एका ओळीत, कोणतीही ऑफर न देता. शुभ्रा मीटिंगमध्ये होती. मीटिंग संपल्यावर ती जिन्यात उभी राहून ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. कुणी घाई करत नव्हतं, कुणी घंटा वाजवणार नव्हतं. सुटायच्या सुमाराला तिने लिहिलं, "हो." मग वाट बघत बसली. बसमध्ये, जेवताना, झोपताना.

उत्तर आलं नाही. त्याला रात्रपाळी होती, आणि रिफायनरीत फोन आत नेऊ देत नाहीत. तिचं 'हो' गेटवरच्या लॉकरमध्ये सकाळची वाट बघत होतं.