अर्धा मीटर

"दहाची वेळ होती, दहा वाजून सात मिनिटं झालीत," तो मान खाली घालूनच म्हणाला. "बस."

मी बाबांची कानयंत्रं परत करायला आले होते. विद्यापीठाची होती ती. बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. माझं दार चुकलं होतं; हा आवाजाच्या प्रयोगासाठी दुसऱ्याच कोणाची तरी वाट बघत होता. पण आम्हा फिनलंडमधल्या तांपेरेच्या लोकांना 'मी ती नव्हेच' असं अनोळखी माणसाला सांगण्यापेक्षा तासभर गप्प बसणं सोपं वाटतं.

बसले. डोळ्यांवर आभासी दृश्य दाखवणारा जाड चष्मा, कानांवर हेडफोन... आणि समोर एक भलंमोठं सभागृह, जे कुठेच नव्हतं.

"आवाज किती लांबून येतोय, ते मीटरमध्ये सांगायचं."

कुत्रा भुंकला. "चार!"

व्हायोलिन वाजलं. "नऊ!"

"ओरडू नकोस. मी शेजारीच आहे."

अकरा वर्षं बाबांशी बोलून माझा आवाजच तसा झाला होता.

मग एक पुरुष वार म्हणू लागला. सोमवार... मंगळवार...

"अर्धा मीटर."

"नीट ऐक."

"ऐकतेय की. अगदी कानाशी आहे."

"दहा मीटरवर ठेवलाय त्याला!" मग हळूच — "आणि तो मी आहे."

मी चष्मा काढला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. नाव ओस्कु.

निघताना मी त्याच्या वहीत नाव-नंबर लिहिला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "इल्मी, तू तर यादीतच नाहीस! तरी गुरुवारी ये. यंत्र बिघडलंय की तू, ते बघायला हवं."

दर गुरुवारी गेले. त्याने वायरी बदलल्या, संगणक बदलला. कुत्रा चार, व्हायोलिन नऊ, ओस्कु अर्धा. एरवी आठवडाभर मला कोणी काही विचारत नव्हतं. कानयंत्रं पिशवीतच राहिली. योग्य दार शेजारचंच होतं.

चौथ्या गुरुवारी तो पडेल चेहऱ्याने म्हणाला, "सापडलं. मी कुजबुजतो. कुजबुज आली की कान माणसाला जवळचाच समजतो. यंत्र ठीक आहे."

"मग मोठ्याने बोल."

"हे मोठ्यानेच बोलतोय."

"बरं... म्हणजे मी आता यायचं नाही?"

तो वायर गुंडाळत राहिला.

मी शेजारच्या दारात कानयंत्रं दिली, सही केली आणि बसथांब्यावर आले. थांब्यावर माझ्याखेरीज एक आजी आणि तिचा कुत्रा, आपापलं सभ्य अंतर राखून. मागून धापा ऐकू आल्या. ओस्कु तीन मीटरवर थांबला — आमच्याकडे याहून जवळ कोणी उभं राहत नाही — आणि ओरडला,

"इल्मी! कॉफी?"

कुत्रा दचकला. मी नेहमीसारखं ओरडणार होते... पण ऐकणारे बाबा नव्हते. मी अगदी हळू म्हणाले, "हो."

"काय?" तो एक पाऊल पुढे आला.

"हो," आणखी हळू.

"काय म्हणालीस?" आणखी एक पाऊल.

"अरे, हो म्हणतेय ती!" आजी वैतागली. "मला इथवर ऐकू आलं!"

"मला नाही आलं," ओस्कु म्हणाला, आणि उरलेलं अंतरही चालून आला.