सहावं वल्हं

त्या मंगळवारी मी फक्त प्रुफं घेऊन निघालो होतो. डिसेंबरची दुपार, तीन वाजून गेलेले, म्हणजे आमच्या फेरो बेटांवर अंधार पडायला लागला होता. पिशवीत दोनशे बारा पानांचा गठ्ठा, दोन पेन्सिली आणि बायकोनं बांधून दिलेली भाकरी नि वाळलेलं मटण. हाम्राविकला जायला क्लाक्सविकहून बस, मग छोटी होडी, मग पाऊण तास पायी. ही वाट मी एकोणीस वर्षं तुडवत होतो. या बसा, स्टोव्हच्या जरा जवळ सरका. सांगतो.

माझा छापखाना छोटा. राकुलची पुस्तकं मीच जुळवायचो, मीच छापायचो, मीच शिवायचो. राकुल म्हणजे हाम्राविकची जुनी पोस्टमास्तरीण. गावातलं पोस्ट बंद झालं तेव्हा उरलेले तारेचे कागद तिनं घरी नेले आणि त्यांच्या पाठीवर कादंबऱ्या लिहायला घेतल्या. दहा झाल्या होत्या. ही अकरावी. एकाही पुस्तकावर तिच्या नावाशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव नाही. अगदी सुरुवातीला, काही छापायच्या आधी, एका मोठ्या प्रकाशकानं पत्र पाठवून बोलावलं होतं. ती गेली, कॉफी प्यायली, परत आली. "चांगली माणसं होती," म्हणाली, "पण त्यांना माझं पुस्तक नको होतं, माझ्या पुस्तकासारखं काहीतरी हवं होतं."

तिची लिहायची रीत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. घरामागे समुद्राच्या अंगाला मटण वाळवायची खोपी होती. आमच्याकडे अशा खोप्यांच्या भिंती नुसत्या उभ्या फळ्यांच्या असतात, दोन फळ्यांमध्ये दोन बोटांची फट, वारा आरपार जावा म्हणून. वर दोरीला मेंढ्यांच्या तंगड्या टांगलेल्या, खाली मासे साफ करायचं उंच टेबल. त्या टेबलाशी उभी राहून ती रोज सकाळी एक पान लिहायची. बोटं कापलेले हातमोजे घालून, शिसपेन्सिलीनं. "बसून लिहिलं की वाक्यं लठ्ठ होतात," म्हणायची. पान झाल्याशिवाय कॉफी नाही. आणि पान झालं की समुद्राकडच्या भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं वाचायचं. वाचून झालं की गप्प उभं राहायचं, पाच-दहा मिनिटं. मग एकतर पान टाचणीला लावायचं, नाहीतर फाडायचं.

विकायचीही तीच तऱ्हा. तीनशे प्रती, त्या पाठीवर टाकून गावोगाव. दुकानात एकही ठेवायची नाही. कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरायची, पहिलं पान वाचून दाखवायची, आणि चुलीवरची किटली उतरवायचं भान घरधनिणीला राहिलं नाही तरच प्रत ठेवून निघायची. किटली वेळेवर उतरली तर म्हणायची, "तुमच्यासाठी नाही हे," आणि पुढच्या दाराशी. तिची अक्षरं मी मोठी ठेवायचो, कागद जाड घ्यायचो, कारण तिचे वाचक होडीत ओल्या हातांनी वाचायचे. खरं सांगू का, माझ्या हातून जे काही चांगलं काम झालं ते तिच्या धाकामुळे झालं.

आता एकाहत्तराव्या वर्षी, हे पुस्तक लिहून होता होता, तिची नजर गेली होती. त्यामुळे प्रुफं मी मोठ्यानं वाचायची, आणि तिनं हस्तलिखितावर हात ठेवून ऐकायचं. सगळं पुस्तक तिला पाठ होतं. वाचायचं मात्र खोपीतच.

"आलास का, शाईबहाद्दर," ती दारातून म्हणाली. "तुझे बूट ऐकू आले. अजून तेच फाटके घालतोस."

"तुम्ही पुस्तकाला जाड कागद मागता, बुटांना काय उरणार, राकुल?"

ती हसली. कंदील टेबलावर ठेवला. वारा पडलेला होता, आणि आमच्याकडे वारा पडला की माणसं दचकतात. आंबूस मटणाचा वास जागच्या जागी साचून राहिला होता. समोरच्या खडकावरचं दीपगृह दर काही क्षणांनी उजेड फिरवायचं. तो फळ्यांच्या फटींतून आत यायचा, मागच्या भिंतीवर उजेडाच्या उभ्या पट्ट्या उमटायच्या आणि सरकून विझायच्या.

मी वाचायला सुरुवात केली. या पुस्तकाची गोष्ट त्या गावाचीच होती. त्रेसष्ट वर्षांपूर्वी हाम्राविकची एक होडी मासेमारीला गेली ती आलीच नाही. चर्चच्या आवारात दगड आहे, त्यावर पाच नावं कोरलेली आहेत. राकुल तेव्हा आठ वर्षांची होती. पहिली चाळीस पानं सुरळीत गेली. मग मी वाचलं, "पहाटे पाच माणसं होडीत चढली."

समुद्राकडच्या भिंतीवर एक ठोका पडला.

जोरात नाही. दारावर संकोचानं कुणी टकटक करतं ना, तसा. मला वाटलं, मेंढी असेल. राकुलनं एक बोट वर केलं.

"परत वाच."

"पहाटे पाच माणसं होडीत..."

पुन्हा ठोका. आणि मग लाकडानं लाकडावर ओढल्यासारखा आवाज, एका फळीवरून दुसरीवर, फटीत अडकत, पुन्हा निघत, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सावकाश.

"हानुस," राकुल हळू आवाजात म्हणाली, "माझ्या पानावर काय आहे?"

 तिच्या पानावर 'सहा' होतं. चार ठिकाणी होतं. अक्षरं जुळवताना मी दगड आठवला, म्हातारीची चूक झाली असं धरलं, आणि चारही ठिकाणी पाच करून टाकलं. तिला विचारलंही नाही. उलट मनात म्हटलं होतं, चला, बाईची लाज राखली.

मी हे सगळं तिला सांगितलं. मला वाटलं, ती भडकेल. तिनं नुसता हात हस्तलिखितावरून फिरवला.

"तो प्रकाशकही हेच म्हणाला होता," ती म्हणाली. "पहिलं पुस्तक मी हेच लिहून नेलं होतं. म्हणाला, बाई, दगडावर पाच आहेत, वाचक हसतील. तेव्हा ठरवलं, आपलं आपण छापायचं. आणि बघ, एकोणीस वर्षांनी माझ्याच छापखान्यानं..."

"सहावा कोण होता, राकुल?"

 तिचा आवाज इतका खाली होता की मला टेबलावर वाकावं लागलं.

"एका परक्या जहाजावरून पोहत पळून आलेला पोरगा. वीस-बावीसचा. कप्तान फार मारायचा त्याला, पाठ मी पाहिली होती. गावानं लपवलं. याच खोपीत झोपायचा तो, या टेबलाखाली. त्या पहाटे माझे वडील तापानं फणफणलेले. सहा वल्ह्यांची होडी, पाच जणांनी कशी न्यायची? तो पोरगा उठला आणि वडिलांच्या वल्ह्यावर जाऊन बसला. मी दारात उभी होते. मी मोजले. सहा."

"मग दगडावर..."

"पळून आलेल्या माणसाला लपवणं गुन्हा होता. नाव कोरायचं तर तो इथं होता हे कबूल करावं लागलं असतं. वडील पुढं चाळीस वर्षं जगले. मरेपर्यंत पाचच म्हणत राहिले. त्याच्यामुळे वाचलेला माणूस... आणि पाचच म्हणत राहिला."

बाहेर काहीच आवाज नव्हता. पण वास बदलला होता. मटणाच्या वासावर आता समुद्राचा वास चढला होता, उथळ पाण्याचा नाही, खोलातला.

"त्याचं नाव?" मी विचारलं.

"तेच तर आहे ना." तिनं डोळे मिटले. "मला सांगितलं होतं त्यानं. इथंच, गुडघ्यावर बसून. छातीवर हात ठेवून दोनदा म्हणाला. आठ वर्षांची पोर मी... विसरले. दहा पुस्तकं लिहिली, हानुस. प्रत्येकात एक नाव ठेवून पाहिलं. रोज पान वाचायचे आणि थांबायचे. वाटायचं, कधीतरी बरोबर नाव लागेल आणि तो ओ देईल. कधी दिली नाही. पण ऐकायला मात्र येतो."

मी भिंतीकडे पाहिलं. पाहायला नको होतं. दीपगृहाचा उजेड फिरला, फटींतून आत आला, मागच्या भिंतीवर पट्ट्या उमटल्या. मधल्या तीन पट्ट्या माणसाच्या उंचीपर्यंत नव्हत्याच. वर उजेड होता, दोन्ही बाजूंना होता. मधे कुणीतरी अडवला होता.

उजेड गेला. पुन्हा आला. मधली जागा तशीच काळी.

"राकुल... तो..."

"ठाऊक आहे. दुरुस्त कर आणि वाच. घाबरून वाचलंस तर वाक्य बिघडेल."

आजही मला नवल वाटतं ते या बाईचं. मी दाराकडे सरकत होतो, आणि तिला काळजी वाक्याची. मी पेन्सिलीनं चारही ठिकाणी पाच खोडून सहा लिहिलं. आणि वाचलं, "पहाटे सहा माणसं होडीत चढली."

ठोका आला नाही. फळीला बाहेरून काहीतरी जड टेकलं, जसं दमलेलं माणूस पाठ टेकतं. फळी किंचित करकरली. मग मी रात्री साडेदहा वाजेपर्यंत वाचत राहिलो, एकदाही मान वर न करता, आणि माझ्या पाठीमागे ती करकर अधूनमधून येत राहिली. शेवटच्या प्रकरणात एके ठिकाणी हस्तलिखितात मोकळी जागा होती, एका शब्दापुरती.

"इथं काय घालू?"

"काही नाही. मला जे माहीत नाही ते मी लिहीत नाही. जागा सोड."

शेवटचं पान संपलं तेव्हा ती म्हणाली, "पुस्तकाचं नाव बदल. मुखपृष्ठावर 'पश्चिमेचा प्रवाह' नको. 'सहावं वल्हं' कर." मी पहिल्या पानावर ते लिहून घेतलं. त्या क्षणी फळीवरचा भार निघाला. दीपगृहाचा उजेड फिरला आणि भिंतीवर सगळ्या पट्ट्या उमटल्या, एकही न तुटता.

रात्री मी तिच्या घरी थांबलो. सकाळी उजाडल्यावर खोपीमागे जाऊन आलो. तिथं उभं राहायला जागाच नाही, खडक सरळ पाण्यात उतरतो.

छपाईला मी पंधरा दिवसांनी बसणार होतो. कागद यायचा होता. पुस्तकाचं नवं नाव मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही. दहाव्या दिवशी राकुलचा निरोप आला, पत्र आलंय, इंग्रजी आहे, वाचायला ये. गेलो. ती चुलीशी उभी होती, पाकीट हातात धरून.

"एकही शब्द गाळू नकोस," ती म्हणाली. "आता तरी."

पत्र शेटलंड बेटांवरून आलं होतं, ओसला इन्कस्टर नावाच्या बाईकडून. तारीख आम्ही प्रुफं वाचली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. मी वाचत गेलो, आपल्या भाषेत सांगत गेलो.

बाईनं लिहिलं होतं: काल रात्री साडेदहानंतर माझ्या मागच्या दाराशी एक तरुण येऊन उभा राहिला. बोलत नाही. खिडकीच्या काचेवर हिम साचलं होतं, त्यावर त्यानं बोटानं काही अक्षरं लिहिली. मला ती भाषा येत नाही, म्हणून जशीच्या तशी उतरवून पाठवते. खाली तुमचं नाव आणि गाव होतं, म्हणून हे पत्र.

खाली तिनं अक्षरं काढली होती, लहान मूल चित्र काढतं तशी. आमच्या भाषेत. 'सहावं वल्हं'.

राकुलनं टेबलाची कड धरली. "पुढं."

"अक्षरांभोवती त्यानं पुस्तकाच्या आकाराची चौकट काढली होती; हे पुस्तक असेल तर दोन प्रती ठेवा. एक मला, एक त्याला. आजीच्या आईपासून आमच्या घराचं ते मागचं दार कधी कुलूप लावून बंद केलेलं नाही. घरातलं कुणीतरी समुद्रावरून यायचं राहिलंय एवढंच म्हणायचे, कोण ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्याला आत ये म्हटलं तर येत नाही, नुसता माझ्या तोंडाकडे बघतो, जणू मी काहीतरी म्हणायचं राहिलंय. तुम्हाला त्याचं नाव ठाऊक असेल तर कळवा. नावानं हाक मारून पाहीन."

चुलीवरची किटली उतू चालली होती. आम्ही दोघंही हललो नाही.

"संपलं?" राकुलनं विचारलं.

"एक ओळ आहे."

"वाच."

मी वाचली. "कालपासून इथं सगळं गोठलंय, विहीरसुद्धा. तो उभा आहे त्या पायरीवरचं पाणी मात्र गोठत नाही, आणि ते वाढतंय."