चार देशांचा एक होकार

मालदीवच्या दुभाष्याला आणायला मुबश्शिरा चिपीच्या विमानतळावर गेली, तेव्हा तिच्या हातात पुठ्ठ्याची पाटी होती आणि तोंडात पाठ केलेली सात इंग्रजी वाक्यं. त्यातलं पाचवं तर इतकं देखणं होतं, की ते नुसतं मनात म्हटलं तरी तिची मान आपोआप ताठ व्हायची.

विमानातून उतरलेला माणूस पाटीसमोर येऊन थांबला. उंच, उन्हात भाजलेला, भुवया समुद्राकडे बघून बघून आखडलेल्या. तिने पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसरं अर्ध्यावर आलं, तोच तो म्हणाला,

“ता सगळा ऱ्हवांदे गो. वाटेत बरो बांगडो खंय गावतलो, ता सांग.”

उरलेली चार वाक्यं चिपीच्या कातळावर सांडली, ती म्हणे अजून तिथेच आहेत.

“तुमी… मालदीवचे ना?”

“सात वर्षां. तेच्या आदी विजयदुर्गचो. इरशाद.” त्याने पाटी वाचली. “‘परदेशी पाहुणे’? माझी अम्मी हयसर असती, तर तुमची पाटी फोडून चुलीत घातली असती.”

“वरसून लिवन दिला, तसा धरलंय मी. चूक वरच्यांची.”

“म्हंजे तुमची कधीच नसता?”

“सात वर्षां पंचायत समितीत सभेचा इतिवृत्त लिवतंय. एक कानो चुकलो नाय.”

“बघूया,” तो म्हणाला आणि हसला. तिने पाटी गाडीच्या डिकीत टाकली. जरा जोरातच.

परिषद देवबागला होती. एका अंगाला खाडी, एका अंगाला दर्या आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर रिसॉर्ट. तिथे भारत, श्रीलंका, मालदीव आणि बांगलादेश अशा चार शेजाऱ्यांची मंडळी जमली होती. कारण एकच. गेली दोन वर्षं नाव पुसलेल्या, दिवे मालवलेल्या बोटी भर समुद्रात अमली माल उतरवत होत्या आणि वाटेत आलेल्या मच्छीमारांवर बंदुका रोखत होत्या. चारही देशांना त्या दिसत होत्या आणि चारही देशांच्या हातून त्या निसटत होत्या. मच्छीमाराने आपल्या बंदराला सांगायचं, बंदराने राजधानीला, राजधानीने शेजारच्या राजधानीला पत्र धाडायचं… तोवर बोटवाले माल उतरवून, आंघोळ करून, जेवायलाही बसलेले असत.

उपाय साधा होता. मच्छीमाराची हाक मधे कुठे न थांबता थेट जवळच्या गस्तीनौकेला जावी, मग ती नौका कुठल्या का देशाची असेना. त्यासाठी मालवणात एक सामायिक केंद्र निघायचं होतं. पण ‘आमच्या राजधानीला आधी विचारा’ हे चौघांचंही म्हणणं होतं, आणि चौघांचीही राजधानी वेगळी होती.

उद्घाटन यजमान जिल्ह्याचं. म्हणून गावचे गंगारामकाका गाऱ्हाणं, म्हणजे देवाला जाहीर साकडं, घालायला आले. त्या मुलखात विहीर खणायची असो की नाटकाचा पडदा उघडायचा असो, गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. काकांनी आदल्या दिवशी मुबश्शिराला गाठून विचारलं होतं, “बाये, ही मानसा मागतत तरी काय?” तिने दोन वाक्यांत सांगितलं होतं.

इरशादने पाहुण्यांना समजावलं, “हे थांबले, की तुम्ही सगळ्यांनी मोठ्याने दोन शब्द म्हणायचे. इथली रीत आहे.”

काकांनी हात जोडले. “बा देवा महाराजा! आज ही चार देशांची मंडळी तुझ्या पायाशी जमलीहत. तेंच्या दर्यात जी काय इडापिडा शिरलीहा, ती सात समुद्रापलीकडे घालव रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” कोलंबो, ढाका, माले आणि दिल्ली एका सुरात ओरडले.

“दर्यातल्या लेकराची हाक मधी खंय अडकता नये. जो जवळ आसा, तेच्या कानार पडांदे, नि तो धावांदे रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

असा आवाज झाला, की खाडीतले बगळे उठून गोव्यात जाऊन बसले.

जिल्ह्याने इतिवृत्ताला नेमलेली मुबश्शिरा कोपऱ्यात बसून लिहीत होती. हात कागदावर होता, नजर मात्र… इरशाद मालदीवच्या म्हाताऱ्या प्रतिनिधींच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता आणि त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडली गेली होती. ती कोणीतरी सरळ करायला हवी होती. एवढंच तिच्या डोक्यात. सात वर्षांच्या सवयीचा हात आपलं काम करत राहिला. सभेने होकार दिला, की पंचायत समितीत जे लिहितात, तेच त्याने लिहिलं – ‘मच्छीमाराची हाक थेट जवळच्या नौकेस देण्याचा विषय मांडण्यात आला. चारही शिष्टमंडळांनी एकमुखाने होकार दिला. सर्वानुमते मंजूर.’

तो कागद इंग्रजी करून चार राजधान्यांना पाठवायचं काम इरशादचं होतं.

दोन दिवस चर्चा झाली. म्हणजे चहा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी इरशाद वाळूवर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

“काय म्हणतत तुमचे साहेब?” तिने विचारलं.

“कालचाच. फक्त आवाज वाडलोहा.”

“मगे केंद्र?”

“झाला, तर माका तीन वर्षां मालवणात बसवतले. चार भाशा येणारो दुसरो गावाक नाय तेंका. नाय झाला, तर शनवारच्या विमानान मी माले.” त्याने एक शिंपला उचलला, समुद्रात फेकला. “तुमका काय वाटता, होवचा काय?”

“माका कित्याक वाटात?”

“उगीच इचारलंय.”

“…शनवारचा विमान कितीक?”

“अडीचाक.”

“रिकामाच आसता ता बहुतेक,” ती म्हणाली, आणि आपण असं का म्हणालो हे न समजून भराभरा आत निघून गेली.

शुक्रवारी सकाळी आक्रीत घडलं. चारही राजधान्यांतून अभिनंदनाचे संदेश आले. एवढा अवघड मुद्दा पहिल्याच तासात सोडवलात, शाबास! प्रतिनिधींनी एकमेकांकडे बघितलं. प्रत्येकाला वाटलं, आपल्याच मागे कोणीतरी होकार देऊन बसलंय. ‘आम्ही नाही म्हणालो’ असं आधी कोण म्हणणार? जो म्हणेल, तो तस्करांचा सोयरा ठरणार. चौघंही गोड हसले. सह्या दुपारी चारला ठरल्या.

मुबश्शिराने घाईने आपला कागद काढून वाचला… आणि तिच्या पायाखालची वाळू सरकली.

गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. चार वाजता सह्या, मालवणात केंद्र, तीन वर्षं. कोणाचं काही बिघडत नव्हतं. उलट समुद्रात माणसं वाचणार होती. ती गप्प बसलीही. पार दुपारपर्यंत. मग तिला वाटलं, न दिलेल्या शब्दावर उभं राहिलेलं केंद्र पहिल्या भांडणालाच कोसळेल, आणि तेव्हा कोणीतरी खरीखुरी हाक मारत असेल.

चारला दोन मिनिटं असताना ती उभी राहिली.

“मॅडम, इतिवृत्त चुकलंय. ती प्रार्थना होती. होकार तुमचा नव्हता… रीतीचा होता. चूक माझी एकटीची आहे.”

अध्यक्षस्थानी श्रीलंकेच्या बाई होत्या. त्यांनी चष्मा काढला. दिल्लीच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात दुसरी खुर्ची सरकली.

“एकटीची नाही,” इरशाद म्हणाला. “मी विजयदुर्गचा आहे. गाऱ्हाणं मला जन्मापासून ठाऊक आहे. तो कागद मी तीनदा वाचला. चूक दिसली. तरी तसाच पाठवला.”

“का?” बाईंनी विचारलं.

चार भाषा येणाऱ्या त्या माणसाने पाचव्याच भाषेत उत्तर दिलं. तो फक्त कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत राहिला. मुबश्शिराचे कान असे तापले, की त्यांवर पापड भाजले असते.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. “हे उत्तर इतिवृत्तात घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “पण आम्ही नेमकं कशाला होय म्हणालो, ते तरी वाचा.”

मुबश्शिराने कच्च्या टिपणातून गाऱ्हाण्याच्या त्या दोन ओळी वाचल्या. इरशादने त्यांचं इंग्रजी केलं. मग मालदीवचे म्हातारे प्रतिनिधी हळूहळू बोलू लागले, आणि इरशाद एकेक वाक्य मागून आणत गेला.

“विसाव्या वर्षी मी मासेमारीला गेलो होतो. इंजिन बंद पडलं. आम्ही वाहत गेलो… तिघं होतो. चौथ्या दिवशी एका परक्या गस्तीनौकेने आम्हाला लांबून पाहिलं. तिला जवळ यायची परवानगी नव्हती. परवानगी नवव्या दिवशी आली.” त्यांनी समोरचा कागद जवळ ओढला. “तेव्हा मी एकटा उरलो होतो. परवा होय म्हणालो, तेव्हा काय म्हणतोय ते कळलं नव्हतं. आता कळलंय. माझं होय लिहा.”

श्रीलंकेच्या बाईंनी मान हलवली. ढाक्याच्या कमोडोरनी खिशातलं पेन काढलं. दिल्लीचे साहेब फोनवर अर्धा तास बाहेर होते. आत आले ते एक अट घेऊन. आधी फक्त सहा महिने करून बघू, पावसाळ्यासाठी मासेमारी बंद होईपर्यंत. पुढचं पुढे.

सह्या साडेपाचला झाल्या. केंद्र निघालं. दोघांनाही एकेक कडक समजपत्र मिळालं. पण चार भाषांचा दुसरा माणूस काही मिळाला नाही, त्यामुळे इरशादची नेमणूकही झाली. तीन वर्षांची नव्हे, सहा महिन्यांची.

बाहेर येताना ती पुटपुटली, “तीनदा वाचलंस?”

“चौथ्यांदा वाचूक धीर झालो नाय.”

“आणि मी उठलंय नसतंय, तर?”

“तर मी उठलंय असतंय… असा आता म्हणूक सोपा आसा,” इरशाद म्हणाला. “खरा सांगू? ठावक नाय.”

त्या ‘ठावक नाय’ने तिचा उरलासुरला राग नेला. तिने हात पुढे केला, त्याची आजही आत दुमडलेली कॉलर ओढून सरळ केली आणि जणू काही घडलंच नाही, अशी चालू लागली.

शनिवारी अडीचचं विमान गेलं तेव्हा इरशाद मालवणच्या बाजारात नुरुद्दीनचाचांच्या जाळ्यांच्या दुकानात उभा होता. नुरुद्दीन म्हणजे मुबश्शिराचे अब्बा. जाळ्याचं भोक डोळ्याला लावून माणूस पारखणारे. इरशादने घसा साफ करून अशा काही नजाकतीच्या उर्दूत सुरुवात केली, की चाचांनी हातातला दोर खाली ठेवला.

“मेल्या, सरळ बोल. कालपासून आख्खो बाजार बोलताहा, तू एकटोच गप.”

“चाचा… तुमचा चेडू मागूक इलंय. अम्मी उद्या येतली. आज मी एकटोच.”

“सरकारान तुका सहा म्हयने ठेवल्यान, असा ऐकलंय.”

“व्हय.”

“सहा म्हयन्यांचो जावय माका नको.”

“निकाहनाम्यात मुदतीचो रकानो नसता चाचा. मी बघून इलंय.”

टांगलेल्या जाळ्यांमागे कोणीतरी फिस्सकन हसलं. चाचांनी मान न वळवता हाक दिली, “मुबश्शिरा! भायर ये. हसतंस कित्याक? तुझा काय म्हणणा आसा, ता सांग.”

ती जाळी बाजूला सारून आली. इरशादकडे तिने बघितलंही नाही. बघितलं असतं, तर बोलता आलं नसतं.

“अब्बा, सात वर्षां मी दुसऱ्यांचा लिवन घेतलंय. आज तुमी माझा लिवन घेवा.”

चाचांनी कानामागची पेन्सिल काढली. एका जुन्या कॅलेंडरचं पान मागच्या बाजूने मांडीवर पसरलं.

“हां. काय लिवू?”

“हो मानूस खंय जावचो नाय… असा लिवा.”