एक ठोका जास्त

टक. टक. आणि मग फळीच्या पलीकडून... टक, टक, टक.

हा आवाज सुताराने ऐकला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. पुढचा दात नुकताच पडला होता, आणि बापाच्या कारखान्यातल्या मोठ्या कपाटात तो लपून बसला होता. सुतार फळी निवडताना बोटाच्या पेराने वाजवून बघतात, भरीव आहे की पोकळ. बापाचं बघून त्यानेही कपाटाची पाठ दोनदा वाजवली. उत्तर तीनदा आलं. कपाटामागे नुसती भिंत होती.

मग वर्षभर रोज दुपारी तो आत जाऊन बसायचा. जितके ठोके द्यावेत, त्याहून एक जास्त परत यायचा. अखेर न राहवून त्याने बापाला सांगितलं. बाप रंधा न थांबवता म्हणाला, "लाकूड सुकतं रे. सुकताना वाजतं."

त्या दिवसापासून कपाट मुकं झालं.

साठ वर्षं गेली. कारखाना त्याचा झाला. हजारो फळ्या त्याने वाजवल्या. एकीनेही जास्तीचा ठोका दिला नाही.

आणि एका दुपारी त्याच कपाटातून हसणं ऐकू आलं. नात आत मांडी घालून बसली होती. बोटात आईचं शिवणकामाचं पितळी अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालतात ते टोपण. त्या अंगुस्तानाने ती फळी वाजवत होती. टिण, टिण.

"आजोबा, ऐकलंत? तीन!"

त्याने कान लावला. काही नाही.

"कानात भुसा गेलाय तुमच्या," नात खिदळली. "त्याचा ना, पुढचा दात पडलाय. माझ्यासारखाच."

सुताराच्या अंगावर सरसरून काटा आला. पण भीतीच्या आत दुसरंच काहीतरी चावलं. हे आपलं होतं. आधी आपण ऐकलं होतं. या टीचभर पोरीला ते असं बसल्याजागी मिळावं?

"त्याला विचार ना बाळा," तो हळूच म्हणाला, "मी आठवतो का?"

तिने फळीला कान लावला. बराच वेळ... मग त्याच्याकडे न बघता पुटपुटली, "तो म्हणतो... आजोबांना काही सांगू नको."

सुताराचा जीव जळून गेला. तोंड त्याचं होतं, आवाज बापाचा निघाला.

"कोणी नाहीये तिथे. लाकूड सुकतं. सुकताना वाजतं."

नातीने फळी वाजवली. थांबली. पुन्हा वाजवली, कान लावून पाहिला आणि मान हलवली. मग सावकाश बाहेर आली आणि मोठ्या बाईसारखा फ्रॉक झटकला.

"अगं, थट्टा केली मी..." तो घाईने म्हणाला. "परत वाजव बघू."

तिने अंगुस्तान काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. आत्ता बोटातून निघालेलं, तरी गारठून गेलेलं.

आणि रिकाम्या कपाटातून आवाज आला. साठ वर्षांनी. टक, टक, टक... उघड्या पेराचा. त्याच्या पाठोपाठ, अगदी त्याला खेटून, दुसरा. पितळेचा.

टिण... टिण... टिण...

सुताराने मूठ आवळली. अंगुस्तान हातातच होतं.

"ऐकलंस ना?" तो तिच्याकडे वळला. "बाळा... ऐकलंस ना गं?"

नातीने कपाटाकडे एकदा पाहिलं, कुणीही कपाटाकडे पाहतं तसं, आणि ती निघून गेली.