यादी बदलली की बीप

मनीषची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्याचा हात माझ्या चपलेखाली होता. तो माझ्या टेबलाखाली शिरून वायर ओढत होता आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"आई गं!" खालून आवाज आला.

"तिथे काय करताय?" मी ओरडले. दुखलं त्याला आणि आवाज माझाच मोठा!

"तुमच्यावर... म्हणजे, तुमच्या यादीवर लक्ष ठेवायची सोय करतोय." धुळीने माखलेलं डोकं बाहेर आलं. डोळे मात्र हसरे होते.

तेव्हा मी लवळे गावातल्या एका वसतिगृहात खोल्यांची यादी सांभाळायचे. दोन हजार सात साल, जुलैचा पहिला आठवडा. यादीतली नावं आपोआप गायब होत होती. एखादी मुलगी बॅग घेऊन खोलीवर जायची, तर तिच्या कॉटवर दुसरीच! सगळ्यांचं बोट अर्थातच माझ्याकडे. या नोकरीसाठी मी रिहे गावातल्या आमच्या घरी महिनाभर भांडले होते. बाबा एवढंच म्हणाले, "यादीत तुजा घोळ निगाला तर नाव आपलं जाईल. मंग घरी बसायचं, आत्ताच सांगतुया."

मनीष मूळचा लातूरचा, शेजारच्या खोलीत बसून सगळ्या ऑफिसचे कॉम्प्युटर बघायचा. त्याने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. यादीच्या फोल्डरमध्ये काहीही बदललं, की कुठल्या मशीनवरून, किती वाजता, याची नोंद व्हायची आणि त्याच्याकडे बीप वाजायचा.

पहिल्याच दुपारी तो दारात हजर. "सायली मॅडम, सकाळपासून एकशे बारा बीप वाजले. एवढं काय बदलताय?"

"एक नाव लिहिलं की सेव्ह करते. आमच्याकडे वीज कधी जाईल, नेम नाही. कॉम्प्युटरच्या क्लासला असताना एकदा टाइप केलेली दोन पानं गेली होती, तेव्हापासूनची सवय."

"आणि माझे कान?"

"कापूस घाला."

तो हसला. मी हसले नाही — म्हणजे, तो गेल्यावर हसले.

चौथ्या दिवशी चोर सापडला. आमचे व्यवस्थापक बंडोपंत संध्याकाळी यादी पेन ड्राइव्हवर घरी न्यायचे, दोन-चार दुरुस्त्या करायचे आणि दुसऱ्या दिवशी अकराला तीच जुनी यादी परत टाकायचे. सकाळपासून मी भरलेली नावं पुसली जायची. बंडोपंत ओशाळले, माझी नोकरी वाचली. मनीषला मी कॅन्टीनमध्ये भजी खाऊ घातली. मग रोज चहा होऊ लागला... आणि मला तो आवडू लागला. लपवायचं कशाला?

महिनाअखेरीला घरच्या भातलावणीसाठी मी दोन दिवस रजा घेतली. परत आले, तर हा दारातच उभा.

"कुठे होतात? दोन दिवस एक बीप नाही. स्क्रिप्ट बिघडली म्हणून तीनदा तपासली!"

"कुठली स्क्रिप्ट?" मी विचारलं. "ती चौथ्या दिवशीच बंद करायची होती ना?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल.

"मनीष..."

"नाही केली. बीप वाजला की वाटायचं, तुम्ही पलीकडे आहात. काम बरं व्हायचं. हे दोन दिवस... कशातच लक्ष लागलं नाही. मला तुम्ही खूप आवडता, सायली."

ऐकायला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू? पण रागही आला. तीन आठवडे माझं प्रत्येक सेव्ह पलीकडे वाजत होतं आणि मला पत्ता नाही!

"आधी ती बंद करा. माझ्यासमोर."

त्याने बंद केली. "तुम्हाला सांगायला हवं होतं. चुकलं माझं," म्हणाला. मग हळूच — "आता तुम्ही आलात की नाही, मला कसं कळणार?"

"उठून बघायला यायचं. दहा पावलं आहेत."

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, साडेदहा झाले. मी नावांमागून नावं भरत होते आणि दाराकडे बघत होते. कोणी नाही. फार तोडून बोलले का मी? अकराला तर रडूच यायला लागलं.

सव्वाअकराला तो आला, नखशिखान्त भिजलेला. बस फाट्यावर बंद पडली होती, चढ चालत आला होता.

"बघायला आलो," तो म्हणाला.

मी डोळे पुसले. "रविवारी रिह्याला या. भाताचं एक खाचर लावायचं राहिलंय, माणसं कमी पडतायत."

"लातूरच्या माणसाला लावणी? आणि घरी काय सांगणार, कोण आलंय?"

"तुम्ही एक ओळ सरळ लावून दाखवा," मी म्हणाले. "मग बाबा स्वतःच विचारतील. आणि मी खरं तेच सांगणार आहे."