थांबणारी साथ

हा प्रसंग खरा आहे. ज्याच्यावर तो गुदरला, तो आजही भुताखेतांच्या नावाने नाक मुरडतो. मला तो त्यानेच सांगितला, आणि सांगताना एक शब्दही फुगवला नाही.

तो श्रवणतज्ज्ञ. लोकांचे कान तपासतो. दवाखान्यात त्याची एक आवाजबंद खोली आहे. जाड दार, भिंतींना फोम, मधोमध एक खुर्ची. बाहेर ढोल बडवले तरी आत ऐकू येत नाही.

शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाला, की तो तिथे माउथ ऑर्गनवर ब्लूजचा रियाझ करी. घरी वाजवले की शेजारी दार ठोठावत.

साथीला दादाचा बॅकिंग ट्रॅक असे. दादाने गिटार वाजवून, पायाने ठेका धरून तो खास धाकट्यासाठी रेकॉर्ड केला होता. माउथ ऑर्गनची जागा मोकळी ठेवून.

दादाला जाऊन वर्ष होत आले होते.

प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी एक स्वर श्वास आत ओढून खाली वाकवावा लागे. तिथे तो हमखास अडखळे, आणि ट्रॅक पुढे निघून जाई. ट्रॅक कुणासाठी थांबत नसतो.

त्या शनिवारी ऐन त्या जागी त्याला ठसका लागला...

आणि ट्रॅक थांबला.

बंद पडला नाही. गिटारचा सूर तसाच लांबत राहिला. पायाचा ठेका चालू राहिला.

ठक... ठक... ठक...

त्याने स्वर वाजवला. आवर्तन पुढे सरकले.

त्याने फोन बदलला, स्पीकर बदलला. दादाची फाइल नुसती लावली, तर ती सुरळीत संपे. इतरांचे ट्रॅक त्याला मागे टाकून जात. थांबे तो फक्त दादाचा ट्रॅक, आणि तोही हा स्वतः वाजवत असतानाच.

पुराव्यापुढे त्याने हात टेकले. खरे तर हात टेकताना त्याला बरेच वाटले. मग तो मुद्दाम उशीर करू लागला. तेवढाच दादा जवळ.

हे सुख एकट्याने भोगणे त्याला पटेना. एका शनिवारी तो वहिनीला घेऊन आला.

"भाऊजी, तुम्ही आणि भूत? आज सूर्य कुठून उगवला?" ती हसली. पण पर्स छातीशी घट्ट धरून खुर्चीत बसली.

तो वाजवू लागला. ती जागा आली. त्याने ओठ बाजूला घेतले.

ठक... ठक... ठक...

वहिनीचे हसू विरले.

"भाऊजी, हे तुमचे दादा नाहीत."

"अहो, रेकॉर्डिंग त्याचंच आहे!"

"गिटार त्यांचीच. थांबणं त्यांचं नाही. तो माणूस माझ्यासाठी तरी कधी थांबला का? मी चप्पल घालेपर्यंत स्वारी रस्त्याच्या टोकाला! तुम्हाला ते नेहमी काय सांगायचे? 'चुकलास तर तू धावत ये.' आठवतंय?"

आठवत होते. शब्दन्‌शब्द.

"मग हे थांबलंय कोण?"

वहिनीने त्याचा हात खाली दाबला. "तो स्वर वाजवू नका. आधी बाहेर चला."

त्याने ट्रॅक बंद केला. खोली शांत झाली... निदान त्याला तसे वाटले.

सोमवारी पहिले पेशंट म्हणून एक म्हातारे शिंपीकाका खोलीत बसले. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचे, म्हणजे बाहेर त्याच्या यंत्रावर दिवा लागतो.

त्याने यंत्राला हात लावण्याआधीच दिवा लागला.

विझला. लागला. विझला...

त्याच लयीत.

त्याने धावत जाऊन दार उघडले. "काका, मी अजून आवाज सोडलाच नाही!"

"मग हे पाय कोण आपटतंय?" काका वैतागून म्हणाले. "केव्हापासून चाललंय. इथेच, माझ्या खुर्चीमागे."

खुर्चीमागे फोमची भिंत होती.

रियाझ त्याने सोडला. हा निष्कर्ष नव्हे, निव्वळ खबरदारी, असे तो म्हणतो. तो एक स्वर वाजवला, तर जे थांबले आहे ते पुढे निघेल, इतके त्याला ठाऊक आहे.

ते त्याच्याच दिशेने निघणार नाही, याची खात्री मात्र त्याला कुणी देत नाही.