फाटकातली शिट्टी

वाकड्याला एकदा डोळे भरून पाहायचंच, एवढ्यासाठी वहिनींनी शिवणयंत्र झाकलं आणि लेकीला घेऊन समुद्र गाठला. वाकड्या म्हणजे लांब, बाकदार चोचीचा पक्षी. नाव त्यांच्या घड्याळजी यजमानांनी ठेवलेलं. दर वसंतात, हे पक्षी उत्तरेकडे निघण्याआधी, ते दुकानाला कुलूप ठोकून इथे यायचे. वहिनींपुढे नेमका तेव्हाच कपड्यांचा ढीग. "पुढच्या वर्षी नक्की," त्या म्हणायच्या. आता यजमानांची दुर्बीण तेवढी उरली होती.

वाट दाखवायला त्यांचेच जुने दोस्त होते. खाडीपाशी त्यांनी दटावलं, "वहिनी, पलीकडच्या पट्ट्यावर अवाक्षर काढायचं नाही. आणि मी हात वर केला, की आल्या पावली मागे! भरती कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

"भाऊजी, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

खाडीच्या मध्यावर चिखलाने इंगा दाखवला. पाय गुडघ्यापर्यंत रुतला! तो ओढला, तर दुसरा रुतला! लेकीने दंड धरला, भाऊजींनी काठी पुढे केली. एक हिसका! चप्पल गेली, वहिनी सुटल्या.

पट्ट्यावर तिघंही वाळूच्या उंचवट्याआड पालथी पडली. कोवळ्या उन्हात, ओल्या वाळूवर करडा थवा निवांत चरत होता. वहिनींनी दुर्बीण डोळ्यांना लावली, काच पुसली, पुन्हा लावली. तेवढ्यात थव्यातून शिट्टी आली. आधी खालच्या पट्टीत, मग लांबत लांबत वर चढणारी.

"आले हो, आले!" वहिनी ओरडल्या.

भर्रर्र! सगळा थवा उडाला.

"आई!" लेकीने कपाळावर हात मारला. "केलंस ना वाटोळं!"

वहिनी कावऱ्याबावऱ्या झाल्या. रोज संध्याकाळी यजमान फाटकातून हीच शिट्टी घालायचे. टवाळ पोरासारखं काय ते, म्हणून त्या करवादायच्या आणि हातातली सुई टाकून, 'आले हो' म्हणत धावायच्या. ती शिट्टी त्यांनी इथून नेली होती, हे आत्ता कळलं.

"थांबलो तर परततीलही," भाऊजी म्हणाले. मग पाण्याकडे पाहून त्यांनी हात वर केला. भरती!

वहिनीच आधी उठल्या. "चला."

येताना पाणी मांडीला लागलं. लेकीचा तोल गेला! वहिनींनी तिला गच्च धरलं आणि कसाबसा काठ गाठला. तिघंही धापा टाकत बसली, तोच खाडीपलीकडून पुन्हा शिट्टी आली. या खेपेला वहिनी शहाण्यासारख्या ओठ मिटून राहिल्या.

लेकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आई," ती हळूच म्हणाली, "ओ दे ना."